खोगीरभरती

समीक्षेच्या व्यवहारात 'खोगीरभरती' हा शब्द मी गेली चाळीस वर्षे वापरीत आलो आहे. कादंबरीत कथानकाला न पेलणारी वर्णने आली, प्रबंधात विषयाशी संबंध नसलेली अवतरणे आली, किंवा एखाद्या गौरवग्रंथात केवळ पाने भरण्यासाठी लेख जमवलेले दिसले, की हा शब्द हाताशी असतो. तो तुच्छतेचा आहे, आणि ही तुच्छता कोठून आली हे आपण सहसा तपासून पाहत नाही. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर घालायची जाड गादी. तिच्यात लोकर, चिंध्या, गवत, जे हाती लागेल ते कोंबले जाई. निवड करण्याची गरज कोणाला भासत नसे. म्हणून 'भरती'ला हीनत्व आले. परंतु दिवसभर त्या गादीवर बसून मजल मारणाऱ्या स्वाराच्या दृष्टीने आत काय भरले आहे, किती भरले आहे आणि चालता चालता ते कोठे गोळा झाले आहे, हा प्रश्न मुळीच गौण नव्हता. घोड्याच्या दृष्टीने तर तो जिवाचाच होता. खोगीर वाईट भरलेले असेल तर घोड्याची पाठ सोलवटते, आणि पाठ सोललेला घोडा पुढच्या मुक्कामाला पोचत नाही. भाषेने हा शब्द घडवताना भरणाऱ्याची बेफिकिरी तेवढी लक्षात घेतली. वर बसणाऱ्याला आणि खाली चालणाऱ्याला विचारलेच नाही, असे म्हणावे लागते.

हा विचार मला ग्रंथालयात सुचलेला नाही. साठी उलटल्यानंतर मोटारसायकलच्या सीटवर, लखनादौनच्या अलीकडे, तो सुचला.

मी जबलपूरला, नेपियर टाउनात राहतो. येथून नागपूर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. आमच्यासारख्या नर्मदेकाठच्या मराठी माणसांचे सोयरसुतक, पुस्तके, व्याख्याने, सारे नागपुराकडे. आणि मन रमवायचे ठिकाण अमरकंटक, ते पूर्वेला, कुंडम, शहापुरा, दिंडोरीवरून जाणाऱ्या वाटेवर. या दोन्ही वाटा मी वर्षानुवर्षे मोटारसायकलने करीत आलो. रेल्वे आहे, बस आहे, आणि आता तर मुलामाणसांच्या मोटारीही आहेत; तरी चार प्रहर कोणाशीही न बोलता, वाऱ्यात, स्वतःच्या हाताने वाट कापण्याचे जे एक सुख आहे, ते या इतर साधनांत मला आढळलेले नाही. साठीनंतर घरच्यांनी, मित्रांनी आणि एका अस्थितज्ज्ञाने (नेपियर टाउनात हाडांच्या डॉक्टरांना तोटा नाही) एकच प्रश्न निरनिराळ्या स्वरांत विचारला : अजून किती दिवस? त्याचे उत्तर वयाच्या आकड्यापेक्षा बसण्याच्या रीतीत अधिक आहे, असे माझे मत हळूहळू बनत गेले.

प्रथम सीटविषयी. माणूस बसतो तेव्हा त्याच्या धडाचा भार कटीच्या हाडांच्या खालच्या दोन टोकांवर येतो. तरुणपणी या टोकांवर मांसाची जाड गादी निसर्गानेच दिलेली असते. वयाबरोबर ती विरळ होते. मऊ सीट दुकानात अंगठ्याने दाबून पाहिली की पसंत पडते. तासाभरात तिचा फोम दबून तळाला टेकतो, हाडे खालच्या पत्र्याची विचारपूस करू लागतात, आणि दबलेल्या जागेच्या कडा मांड्यांना खालून काचतात. मग पाय बधिर होतात, माणूस डावी-उजवीकडे सरकू लागतो, आणि हे सरकणे सुरू झाले की त्याचे चित्त रस्त्यावर राहत नाही.

रसेल चौकापासून फार दूर नसलेल्या एका बोळात सीट शिवणारा एक वृद्ध कारागीर बसतो. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने मला गाडीवर पंधरा मिनिटे नुसते बसवून ठेवले. स्वतः इकडच्या-तिकडच्या गोष्टी बोलत राहिला. हेतू असा की, मापासाठी म्हणून मी ताठ बसू नये. नेहमी जसा बसतो तसाच सैल बसावा. मग मला उठवून, सीटवर उमटलेल्या दोन खोलगट ठशांभोवती त्याने खडूने वर्तुळे काढली. त्या जागचा फोम कापून तेथे दाट, जवळजवळ कठीण म्हणावा असा फोम बसवला; त्यावर मऊ फोमचा जेमतेम बोटभर थर दिला; मागची बाजू रुंद केली आणि पुढे टाकीकडे जाणारा उतार सपाट केला, कारण उतारावर माणूस नकळत पुढे घसरतो आणि मग हातांनी स्वतःला मागे रेटीत राहतो. भरती कठीण असावी आणि मऊपणा वरवरचा असावा, एवढेच त्याचे शास्त्र. ग्रंथरचनेविषयी इतके नेमके मत मी कितीतरी चर्चासत्रांत बसूनही ऐकले नव्हते.

मराठीत 'बैठक' हा शब्द मोठा समावेशक आहे. लेखकाची वैचारिक बैठक असते, गवयाची बैठक असते, तालमीत जोर-बैठका असतात. आणि हे तिन्ही अर्थ मोटारसायकलवर एकत्र येतात, हे मला उशिरा कळले असले तरी पक्के कळले. याहूनही नेमका शब्द आहे 'मांड'. घोड्यावर मांड पक्की असणे म्हणजे मांड्यांच्या हलक्या दाबाने शरीर तोलून धरणे, म्हणजे लगाम धरणारे हात मोकळे राहतात. ज्याचा तोल लगामावर असतो तो स्वार नवखा. मोटारसायकलचेही तसेच आहे. गुडघे टाकीला अलगद टेकलेले, पाठीचा कणा स्वतःचा भार स्वतः वाहणारा, कोपरे किंचित वाकलेली, आणि हँडलवर हात असे ठेवलेले की बोटे केव्हाही मोकळी करता यावीत. मनगटे, मान आणि खांदे दुखतात तेव्हा दोष बहुधा त्यांचा नसतो. हँडल दूर असते आणि माणूस त्यावर ओणवा होऊन लोंबकळत असतो. मी हँडल अंगठाभर वर आणि थोडे मागे घेतले. हे काम कोणताही मेकॅनिक तासाभरात करतो. फक्त केबली ताणल्या जात नाहीत ना, हे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले पाहिजे.

पायांविषयी माझे मत जरा आग्रही आहे. अलीकडे पाय पुढे लांब सोडून, आरामखुर्चीत रेलावे तसे बसण्याच्या गाड्यांचे वृद्धांना आकर्षण वाटते. दिसायला ती बैठक सुखाची असते. पण पाय पुढे गेले की खड्ड्यावर त्यांवर भार देऊन क्षणभर उठता येत नाही; प्रत्येक धक्का थेट कण्याच्या शेवटच्या मणक्यांत उतरतो. फुटरेस्ट कंबरेच्या जवळपास खाली असावेत आणि गुडघ्यांत त्या क्षणी उठण्याचे बळ असावे. हे बळ सीट शिवून मिळत नाही. त्यासाठी तिसऱ्या अर्थाच्या बैठका रोज सकाळी काढाव्या लागतात. अर्ध्याच काढाव्या, गुडघ्याला मानवतील तेवढ्या, पण काढाव्या. 'कंबर कसणे' हा वाक्प्रचारही असाच एकदा शब्दशः खरा होता : दौडीवर निघताना स्वार कंबरेला शेला घट्ट गुंडाळीत. आज रुंद पट्टा मिळतो. थंडीच्या वाऱ्यात तो कंबर उबदार ठेवतो, आणि पोटाच्या सैल पडलेल्या स्नायूंना आधार देतो. घरी पोचताच तो सोडावा, नाहीतर स्नायू अधिकच आळशी होतात.

आता मजलेविषयी. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. त्यांच्या स्वारांना नागपूर-जबलपूर हे अंतर एका दिवसात कापण्याची कल्पनाही शिवली नसेल. त्यांचा दिवस घोडा ठरवीत असे. घोडा तहानतो, फेसाळतो, अडतो. त्याला दाणावैरण लागते, मालिश लागते. आणि तो थांबला की स्वारालाही उतरावे लागते, चालावे लागते, पाठ टेकावी लागते. 'मजल दरमजल' या शब्दांत प्राण्याच्या थकव्याचे माप आहे. मोटारसायकल थकत नाही. टाकी भरलेली असेल तर ती मध्ये न थांबता नागपूर गाठू शकते, आणि नेमकी येथेच वृद्ध स्वाराची फसगत होते. कारण यंत्राच्या दमावर तो स्वतःचा दम मोजू लागतो. पूर्वी घोडा जी सक्ती करीत असे, ती आता माणसाने स्वतःवर करायची असते, आणि तीही थकवा जाणवण्यापूर्वी. मी पन्नास-साठ किलोमीटरांना एक मजल धरतो. उतरायचे, हेल्मेट काढायचे, दहा मिनिटे चालायचे, मान आणि खांदे फिरवायचे, लांबच्या झाडाकडे पाहायचे, पाणी प्यायचे. बरगी, लखनादौन, शिवनी, खवासा, मनसर. चारपदरी रस्त्यामुळे तरुण मंडळी हे अंतर सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत संपवतात. मला दिवस लागतो. खवासाच्या पुढे पेंचच्या जंगलात वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून रस्ता खांबांवर उचलून घेतला आहे. रानातल्या जनावरांच्या सवडीचा विचार करणारे अभियंते आपल्याकडे निर्माण झाले, ही गोष्ट मला तेथून जाताना दर वेळी बरी वाटते.

मनसरला थांबलो की डाव्या हाताला रामटेकची टेकडी खुणावते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कालिदासाचा रामगिरी तो हाच, असे प्रतिपादन केले. 'मेघदूता'ची मी अनेक वर्षे अनेक अंगांनी चर्चा केली आहे; त्यातील विरह, त्यातील भूगोल, त्याचे मराठी अनुवाद. पण रामटेककडे पाहत थर्मासमधला चहा पिताना मला त्या काव्यात एक निराळीच गोष्ट दिसू लागली. यक्षाला संदेश पोचवायची घाई आहे. विरहाची मुदत मोजून ठेवलेली आहे. तरीही तो दूताला आधी संदेश सांगत नाही. आधी वाट सांगतो, आणि वाट सांगताना विसावा कोठे घ्यायचा, पाणी कोठे प्यायचे, याची तजवीज करून देतो. आम्रकूट पर्वत श्रमलेल्या मेघाला माथ्यावर जागा देईल, हे आश्वासन देतो. हा आम्रकूट म्हणजे अमरकंटक असे मानणारे अभ्यासक आहेत. त्यानंतर रेवा, म्हणजे आमची नर्मदा, तिचे पाणी. भाष्यकारांनी या थांब्यांमध्ये शृंगार पाहिला आणि तो तेथे आहेच. पण दूत थकला तर संदेश पोचणार नाही, एवढा साधा व्यवहारही कवीला ठाऊक होता. विसावे त्याने काव्यातून वगळले असते, तर एखाद्या समीक्षकाने बांधेसूदपणाची तारीफच केली असती.

मोटारसायकलचे वाङ्मय मात्र जवळजवळ सगळे विसाव्यावाचूनचे आहे. चे गेव्हारा १९५२ साली आपल्या मित्राबरोबर नॉर्टन गाडीवर दक्षिण अमेरिका पाहायला निघाला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. गाडी वाटेत मोडली, तो पुढे चालत राहिला. रॉबर्ट पर्सिगचे १९७४ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक, ज्याच्या नावात झेनही आहे आणि मोटारसायकलची देखभालही आहे, ते चाळिशीच्या माणसाच्या प्रवासावर उभे आहे. त्यात यंत्राच्या झडपांची जेवढी काळजी वाहिलेली आहे, तेवढी कण्याच्या मणक्यांची नाही. तत्त्वचिंतकाला एवढी मुभा असावी. मला जवळचा वाटतो तो इंग्रज पत्रकार टेड सायमन. १९७३ ते १९७७ या काळात त्याने ट्रायम्फ गाडीवर पृथ्वीप्रदक्षिणा केली, 'जुपिटर्स ट्रॅव्हल्स' लिहिले, नाव मिळवले. आणि २००१ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तो पुन्हा तीच वाट धरून निघाला. तेच देश, तोच माणूस. मध्ये पाव शतक गेलेले. पहिल्या पुस्तकाचे वाचक पुष्कळ आहेत. दुसऱ्या प्रवासाचे पुस्तक, 'ड्रीमिंग ऑफ जुपिटर', विद्यार्थ्यांनी पहिल्याबरोबर ठेवून वाचावे असे मी सुचवीन. पुन्हा त्याच वाटेने जाणे हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे फारसा हाताळलेला मला आढळलेला नाही. आपल्याकडे इरावती कर्वे यांचे उदाहरण आहे. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या स्त्रियांत १९५०च्या दशकापासून त्यांचे नाव घेतले जाते. पण त्यांनी निबंध लिहिला तो पंढरीच्या पायी वाटचालीवर. स्कूटरवर लिहिला नाही. मराठी लेखकाच्या मनात चालणे हेच प्रवासाचे पुण्यशील रूप आहे. विष्णुभट गोडश्यांपासून ते तसे आहे. बसून केलेल्या प्रवासात काही उणे राहते, अशी आपली समजूत आहे, आणि त्या समजुतीकडे मला पुढे यायचेच आहे.

तत्पूर्वी कानांविषयी, कारण माझ्या व्यवसायात ते महत्त्वाचे. मोटारसायकलवर सर्वांत मोठा आवाज इंजिनाचा असतो असे न चालवणाऱ्यांना वाटते. महामार्गाच्या वेगात तो वाऱ्याचा असतो. हेल्मेटच्या कडांवरून फाटत जाणारा हा वारा तासन्‌तास कानात घोंघावत राहतो, आणि संध्याकाळी जो शीण येतो त्यातला मोठा वाटा या घोंघाटाचा असतो. वयाबरोबर कान आधी उंच पट्टीचे ध्वनी गमावतात. भाषेच्या परिभाषेत सांगायचे तर स्वर शिल्लक राहतात, ऊष्म वर्ण आधी जातात. एकदा दिवसभराच्या प्रवासानंतर नागपुरात एका कवीचे वाचन ऐकत होतो. 'स' आणि 'श' एकमेकांत मिसळून येत होते. कवीने बांधलेला अनुप्रास माझ्यापर्यंत येता येता विरून जात होता. शेजारी बसलेले श्रोते दाद देत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे पाहून कविता समजून घेत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकू येणे पूर्ववत झाले. पण ज्या माणसाने आयुष्यभर कवितेचा नाद तपासून उपजीविका केली, त्याला ती संध्याकाळ पुरेशी होती. तेव्हापासून कानात स्पंजाचे बोळे घातल्याशिवाय मी महामार्गावर जात नाही. औषधाच्या दुकानात ते चार पैशांत मिळतात. त्यांतून ट्रकचा भोंगा ऐकू येतो. वाऱ्याचा कल्लोळ तेवढा दूर जातो, आणि आश्चर्य म्हणजे रस्ता अधिक स्पष्ट दिसू लागतो. आवाजाने डोळेही थकतात की काय, कोण जाणे.

डोळ्यांची गोष्ट सरळ आहे. साठीतल्या डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीसारखी विस्फारत नाही, आतले भिंग धूसर होत जाते, आणि समोरून येणाऱ्या दिव्याने दिपलेली दृष्टी सावरायला वेळ घेते. त्यात आमच्या भागात पावसाळ्यात गुरे कोरड्या डांबरावर येऊन बसतात; कातरवेळी काळी म्हैस आणि काळा रस्ता यांत भेद करणे हे अद्वैत्याचेच काम. म्हणून सूर्यास्तापूर्वी तासभर मुक्काम करायचा, हा नियम मी कोणत्याही सबबीवर मोडत नाही. पाण्याविषयी संकोच सोडून बोलले पाहिजे. वय वाढते तशी तहान कमी लागते, आणि वारंवार थांबावे लागते म्हणून वृद्ध पुरुष मुद्दामच पाणी टाळतात. वाऱ्यात घाम दिसत नाही, पण अंगातले पाणी जातच असते. मग डोके जड होते, निर्णय मंदावतात. थांबणे ही अडचण न मानता मजलेचाच भाग मानला, म्हणजे प्रश्न उरत नाही. रक्तदाबाची काही औषधे लघवी वाढवणारी असतात. ती प्रवासाच्या दिवशी केव्हा घ्यावीत, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. एवढे मोकळेपणी विचारणारे रुग्ण कमी असतात, असे मला सांगण्यात आले.

अमरकंटकची वाट हिवाळ्यात कडक असते. उंची हजार मीटरांच्या वर, आणि सकाळी दवाने भिजलेली साल-वृक्षांची राने. बोटे गारठली की ब्रेक आणि क्लच यांचा अंदाज जातो, म्हणून हातमोजे मी सीटइतकेच महत्त्वाचे मानतो. छातीवर मात्र जुना देशी उपाय करतो : स्वेटरच्या आत वर्तमानपत्राची घडी. त्यासाठी रविवारच्या साहित्यपुरवण्या मी जपून ठेवतो. त्यांचा इतका निर्विवाद उपयोग दुसरा नाही. याच नेपियर टाउनात हरिशंकर परसाई राहत. १९९५ साली ते गेले. कानात बोळे, कंबरेला पट्टा, छातीवर पुरवणी आणि डोक्यावर हेल्मेट अशा थाटात एक समीक्षक घरातून निघताना त्यांच्या दृष्टीस पडला असता तर काय झाले असते, हा विचार भंवरतालच्या बागेपर्यंत माझी सोबत करतो.

एका माघात दिंडोरीच्या अलीकडे चहाच्या टपरीवर थांबलो होतो. बाकावर एक परिक्रमावासी बसला होता. पांढरे कपडे, हातात दंड, शेजारी पाठीवरची पिशवी. माझ्या 'नर्मदे हर'मधले मराठी वळण त्याने लगेच ओळखले. साताऱ्याकडचा, एस.टी.तून निवृत्त झालेला वाहक.

"गाडीवर परिक्रमा काय साहेब?" त्याने विचारले.

"नाही हो. नुसता अमरकंटकपर्यंत."

"मग बरं. नाहीतर मैया म्हणायची, ही मूर्ती बसून आली."

परिक्रमेत माणसे मोजताना 'मूर्ती' म्हणतात. मी हसलो, पण शब्द लागला. चहा येईपर्यंत त्याने बूट काढले, मोजे काढून उन्हात टाकले, तळव्यांना खोबरेल तेल चोळले, आणि बोटांच्या बेचक्यांत कापसाचे लहान बोळे इतक्या निगुतीने बसवू लागला की मला माझा सीट शिवणारा आठवला. पिशवीच्या पट्ट्यांनाही त्याने जुन्या पंचाची घडी शिवलेली होती. न राहवून मी विचारले, "तपश्चर्येत हे चालतं का?"

तो मान वर न करता म्हणाला, "पाय दुखायला लागला ना, की मैया दिसत नाही. नुसता पायच दिसतो."

गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आणि पुढे जगन्नाथ कुंट्यांचे 'नर्मदे हर हर' यांनी मराठी माणसाला या वाटेची ओढ लावली. ही ओढ कष्टाची आहे. तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस असे पायी परिक्रमेचे परंपरेने सांगितलेले मान आहे. त्या तुलनेत बसने किंवा मोटारसायकलने दोन-तीन आठवड्यांत नदीला वळसा घालणाऱ्यांची लाट अलीकडे आली आहे, आणि जुनी मंडळी तिच्याकडे नाक मुरडून पाहतात. त्यांचे सगळेच चुकते असे नाही. पण कष्ट आणि वेदना यांत आपण गल्लत करतो. आमच्या जबलपूरचे अमृतलाल वेगड शांतिनिकेतनात चित्रकला शिकलेले. १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते नर्मदेकाठी चालू लागले; एका दमात नव्हे, तुकड्यातुकड्याने, नोकरी सांभाळून, वर्षानुवर्षे; आणि पंचाहत्तरीच्या आसपासही चालत होते. २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी परिक्रमेचे कर्मकांड काटेकोर पाळले नाही, असे म्हणणारे आहेत. पण ज्या पुस्तकासाठी साहित्य अकादमीने २००४ साली त्यांना गुजरातीचा पुरस्कार दिला त्याच्या नावातच नदीचे सौंदर्य आहे, आणि नदीचे सौंदर्य पाहायला डोळे पायांच्या तावडीतून सुटलेले असावे लागतात. तुकडे पाडून चालण्यात वेगडांनी स्वतःसाठी ती सोय करून घेतली होती, असे मला वाटते. गाडीवरच्या माणसाची गोष्ट याहून कडक आहे. चालणाऱ्याचे लक्ष ठेचेने विचलित झाले तर नदी दिसायची राहते. साठ किलोमीटरांच्या वेगात पाठीच्या कळेने विचलित झालेल्या माणसाला समोर आलेले वासरू दिसायचे राहते.

भारी गाडीचा मोह हा आणखी एक विषय, पण तो थोडक्यात. तरुणपणी माझ्याकडे जुनी बुलेट होती. गिअर उजव्या पायात, आणि अॅमीटरच्या काट्याकडे पाहत किक मारण्याचा विधी. आताची गाडीही साडेतीनशे सीसीचीच, बटणाने सुरू होणारी. चालताना हिचे वजन जाणवत नाही. जाणवते ते उभी असताना : पेट्रोलपंपावरच्या खडीत मागे ढकलताना, उतारावर वळवताना. एकशे ऐंशी-नव्वद किलोंचा हा जीव एकदा कलला की साठीच्या मनगटांनी तो सावरत नाही. ज्यांना कष्ट होतात त्यांनी सव्वाशे सीसीची हलकी गाडी घ्यावी. तीही नागपूरला पोचते, आणि वाटेतल्या मजला तिलाही त्याच.

मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघनाने सुरू होत. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शस्त्रे पुसून पूजली जात. आमच्याकडे त्या दिवशी गाडीला झेंडूची माळ घालतात. मी त्याच दिवशी स्वाराचीही पाहणी करतो. हँडलखेरीज कशाचाही आधार न घेता पाय सीटवरून पलीकडे टाकता येतो का. गाडी डबल स्टँडवर एकट्याने चढवता येते का. साठच्या वेगात मैलाच्या दगडावरचे गाव आणि आकडा दगड मागे पडण्यापूर्वी वाचता येतो का. मान वळवून खांद्यावरून मागचे दिसते का. यांतल्या दोन गोष्टी ज्या वर्षी जमणार नाहीत, त्या वर्षी किल्ली भाचीला द्यायची असे घरात सर्वांसमक्ष ठरले आहे. ती त्या दिवशी पूजेला येते, आणि परीक्षक म्हणून फाटकाशी उभी राहते. माझ्या विद्यार्थ्यांना मी कधी दिले नसतील इतके काटेकोर गुण देते.

यंदा पाय पलीकडे गेला. मान डावीकडे पूर्वीइतकीच वळते, उजवीकडे कमी; आरसा बोटभर बाहेर काढून घेतला, पण भाचीने तो गुण दिला नाही. डबल स्टँडवर गाडी दुसऱ्या प्रयत्नात चढली. तिलवाराघाटाच्या पुढे जाऊन दगड वाचला : लखनादौन, आणि त्याखालचा आकडाही. परतताना बोळात थांबून सीट दाखवली. कारागिराने डावीकडची भरती अंगठ्याने दाबून पाहिली, थोडी बसली आहे म्हणाला, आणि शुक्रवारी सकाळी गाडी घेऊन यायला सांगितले.